नाताळाला जरा दम धर म्हणताना

मी मूळची बीड जिल्ह्यातली, आष्टीकडची, लग्न होऊन जालन्यात आले. माहेर ख्रिस्ती, सासर ख्रिस्ती, शब्बाथ शाळा, भजनं, कॅरोल सगळं केलेलं, तरी आगमनकाळ हा प्रकार मला कित्येक वर्षं नुसता ऐकूनच माहीत होता. नोव्हेंबर सरता सरता एका रविवारी पाळकसाहेब सांगायचे की आजपासून आगमनकाळ सुरू होतोय, तयारी करा, आणि आम्ही बायका घरी जाऊन तयारीच करायचो, पण करंज्यांच्या सारणाची. घराला रंग, पोरांना कपडे, शंकरपाळे, चकल्या, चांदणी, लाईटिंग. पंचवीस तारीख येईस्तोवर जीव एवढा दमलेला असायचा की उपासनेत डोळे मिटले की झोपच लागायची. सव्वीसला संपलं सगळं, सत्तावीसला चांदणी माळ्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. चर्चचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी होतं. हा रविवार म्हणजे ३० नोव्हेंबरला, संत अंद्रियाच्या दिवसाला, सगळ्यात जवळचा रविवार, म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कुठंतरी पडतो. तिथून नाताळपर्यंत चार रविवार वाट बघायची. नाताळ पंचवीसला सुरू होतो, तेव्हा संपत नाही, बारा दिवस चालतो आणि ६ जानेवारीला प्रकटीकरणाचा सण येतो. पुढं राखेचा बुधवार, तिथून लेंट म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, ईस्टर, पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, आणि मग हिरव्या रंगाचा लांबलचक साधा काळ, पार पुढच्या नोव्हेंबरपर्यंत.

आता आपल्याकडं हे एवढं अंगवळणी का नव्हतं, याचा मी बराच विचार केलाय आणि मला एक कारण सापडलंय असं वाटतं. माझ्या माहेरच्या भागात मिशन होतं अमेरिकन मराठी मिशनचं, अहमदनगरला (आता अहिल्यानगर) ते १८३१ सालापासून होते. ते लोक न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले, आणि त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली ख्रिसमस पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता! इकडं सासरी जालन्यात काम स्कॉटिश मिशनचं. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. आणि स्कॉटलंडात नाताळची सरकारी सुट्टी कधी सुरू झाली तर १९५८ साली. म्हणजे ज्यांनी आपल्याला शुभवर्तमान सांगितलं त्यांच्याच घरी हे सण-काळ, त्या त्या काळाचे हे जांभळे-पांढरे रंग फारसे नव्हते. नाताळ आपल्या लोकांनी उचलला, कारण सण म्हटला की मराठी माणूस करंज्या करणारच, पण नाताळच्या आधी थांबायचं कसं ते कुणी फारसं दाखवलं नाही.

पुढं १९७० साली नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोक होते, त्यांच्याबरोबर हे कॅलेंडर जास्त रुजलं असणार. ती तारीख होती २९ नोव्हेंबर. मी सहज कॅलेंडर मागं मोजून बघितलं तर रविवार, आणि तोसुद्धा आगमनकाळाचा पहिला रविवार. हे मला चर्चमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, मीच सगळ्यांना सांगत सुटले. सासूबाई म्हणल्या, बरं, पण चण्याची डाळ भिजत घालायची का नाही.

घरी पाळायला सुरुवात केली २०२३ ला. ते पुढं चालू ठेवायचं कारण काही फार आध्यात्मिक नव्हतं. मोठा तेव्हा चौथीत, त्याच्या शाळेत वीस तारखेलाच सांता येऊन चॉकलेट वाटून गेला, आणि चोवीसला रात्री हा म्हणतो, आई आता नाताळमध्ये अजून काय उरलंय. हे ऐकायच्या आधीच, नोव्हेंबरात, मी तयारी केलेली होती, पण त्या वाक्यानं मला खात्री पटली की पुढच्या वर्षीपण करायचंच. तर सांगायचं म्हणजे २०२३ चा आगमनकाळ अगदी आखूड होता, पहिला रविवार ३ डिसेंबरला, म्हणजे जास्तीत जास्त जेवढा उशिरा येऊ शकतो तेवढा. चौथा रविवार आला २४ डिसेंबरला. सकाळी चौथी मेणबत्ती लावली आणि रात्री नाताळची. सुरुवात करायला असं आखूड वर्ष बरं असतं, पोरं कंटाळायच्या आत पार पडतं.

सगळ्यात पहिल्यांदा चक्र. चक्र म्हणजे हिरव्या पाल्याचं गोल कडं, त्यात चार मेणबत्त्या, मधे एक पांढरी. दर रविवारी एक जास्त लावायची. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण तिसरा रविवार आनंदाचा, पौलानं फिलिप्पैकरांस लिहिलंय ना, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, त्याच्यावरून. पण जालन्यात जांभळी मेणबत्ती शोधून दाखवा. जनरल स्टोअरमध्ये पांढरी, लाल, आणि बर्थडेची आकड्यांची. जांभळा क्रेप कागद गुंडाळावा तर ज्योत खाली आली की पेटायची भीती. शेवटी मी गेले बांगड्यांच्या दुकानात. दिवाळीच्या उरलेल्या पणत्यांमध्ये जाड पांढऱ्या मेणबत्त्या बसवायच्या आणि पणतीभोवती काचेची बांगडी ठेवायची, असं डोक्यात होतं. दुकानदाराला म्हणलं तीन जांभळ्या द्या आणि एक गुलाबी. तो बघतच राहिला. एक बांगडी कोण घेतं ताई, डझन घ्या. घेतल्या, उरलेल्या धाकटीनं घातल्या आणि त्या महिन्याभरात तिनं निम्म्या फोडल्या. पण ही युक्ती जमली, कागद नाही, रंग नाही, उजेड पडला की काच चमकते, आणि दरवर्षी त्याच बांगड्या पुन्हा वापरता येतात.

पाला कशाचा, हापण प्रश्न होता. फोटोत सूचिपर्णी झाडांचा असतो, आपल्याकडं कुठला. अशोकाचा आणला तर दोन दिवसांत गुंडाळी. मग नवऱ्यानं (तो बियाण्यांच्या कंपनीत आहे, वावरं हिंडत असतो) तुरीच्या फांद्या आणल्या, शेंगांसकट. डिसेंबरात तूर भरात असते, पिवळी फुलं, हिरव्या शेंगा. आठवड्याला बदलायच्या आणि काढलेल्या फांद्यांच्या शेंगा सोलून आमटी. प्लास्टिकचा माळेचा पाला मिळतो बाजारात, ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल घ्यावा, पण त्याची आमटी होत नाही.

या चक्राची गोष्ट मला फार आवडते. हँबर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचा पाळक अनाथ, गरीब पोरांसाठी एक घर चालवायचा. पोरं रोज विचारायची, नाताळ आला का, आला का. म्हणून १८३९ साली त्यानं एक गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, बाकी दिवसांच्या छोट्या लाल. पोरांना दिवस मोजता यावेत एवढंच. मी ही गोष्ट माहेरी आज्जीला फोनवर सांगितली. तिला चाक म्हणल्यावर लगेच पटलं. आज्जीची जिंदगी बैलगाडीच्या चाकाबरोबर गेली.

आज्जी आणि आजोबा ऊसतोडीला जायचे. आमच्या भागात हे नवीन नाही, दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे तोडणीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघायचे, सांगली, कोल्हापूर, कुठं पाठवतील तिकडं, ते मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत. म्हणजे आज्जीचे कितीतरी नाताळ कारखान्याच्या गावाला कोपीत, म्हणजे झोपडीत, गेले. मी तिला विचारलं, मग नाताळला काय करायचीस गं. तर म्हणे, "काय करायचं बाई, ऊस थोडाच थांबतोय. पहाटं तोडायला जायाचं, दुपारी वाढे, उसाचे शेंडे, विकून दोन पैसे यायचे, त्याचा गूळ आन् गहू आणून लापशी. रातच्याला तुझा आजा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणायचा, शेजारच्या कोप्यातले लोकं येऊन बसायचे, त्यातलं कोणी ख्रिस्ती नव्हतं." आणि गावाकडं चर्च डिसेंबरात निम्मं रिकामं, म्हातारे आणि शाळेची पोरं. मला लहानपणी कळायचं नाही की आमच्या गावात ईस्टर नाताळपेक्षा मोठा का असतो, नवे कपडे ईस्टरला का, मोठं जेवण ईस्टरला का. माणसं तेव्हा परत आलेली असायची, दुसरं काय.

तेव्हापासून मला आगमनकाळ म्हणजे युरोपातून आलेली फॅन्सी गोष्ट वाटत नाही. वाट बघत बसणं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतंच, फक्त त्याला मेणबत्ती नव्हती.

रोजचं आमचं काय चालतं ते सांगते, कारण मला बऱ्याच जणी विचारतात आणि त्यांना वाटतं तासभर लागत असेल. दहा मिनिटं. संध्याकाळी साडेसातला, मोठ्याचा क्लास सुटून आला की, जेवणाच्या आधी. ट्यूबलाईट बंद, त्या आठवड्याच्या जेवढ्या असतील तेवढ्या मेणबत्त्या, एक वाचन, एक कडवं, प्रभूची प्रार्थना, बास. मेणबत्ती कोण लावणार आणि कोण विझवणार यावर भांडण होतंच, त्याला माझ्याकडं उपाय नाही. वाचनांच्या तक्त्याची झेरॉक्स पाळकसाहेबांकडून मिळते. तीन वर्षांचं चक्र असतं, वर्ष अ मध्ये मत्तयचं शुभवर्तमान, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक, योहान मधे मधे येतो. २०२३ ला ब होतं, मग क, आणि आत्ता नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा अ लागलं. लोकांना वाटतं आगमनकाळात बाळ येशूच्या गोष्टी वाचायच्या. नाही. पहिल्या रविवारी वाचन असतं जागे राहा, प्रभू कोणत्या दिवशी येईल माहीत नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला बाप्तिस्मा करणारा योहान, तोही सापाच्या पिल्लांनो म्हणून ओरडणारा, आणि मरीया-योसेफ येतात पार चौथ्या रविवारी. धाकटी पहिल्या आठवड्यात रोज विचारते गाढव कधी येणार.

या वेळचं पहिलं वाचन, यशया दुसरा अध्याय. राष्ट्रं तलवारी मोडून त्यांचे फाळ करतील आणि भाल्यांच्या कोयत्या. हे मी शंभर वेळा ऐकलंय पण ह्या वेळी आज्जी आमच्याकडं आलेली होती, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, काळा चष्मा लावून बसलेली. मोठ्यानं वाचलं, आणि आज्जी म्हणे, "कोयते वाढवून काय करायलाय देव, आधीच काय कमी हायेत." नवरा हसून हसून बेजार. मी तिला समजवायला लागले की म्हणजे शांतता येईल, लढाईची हत्यारं शेतीची होतील, तर ती म्हणे मला कळतं गं, पन कोयत्याला मजुरी किती देणार ते बी लिहायला पायजे होतं. मी पुढं काही बोलले नाही. त्या आठवड्याची मेणबत्ती आशेची असते.

दुसरी गोष्ट आम्ही करतो ती इशायाचं झाड. यशयाच्याच अकराव्या अध्यायात आहे, इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. इशाय म्हणजे दाविदाचा बाप. तर एक वाळकी फांदी उभी करायची आणि तिच्यावर रोज एक चित्र टांगायचं, उत्पत्तीपासून येशूपर्यंत. आदामाचं फळ, नोहाचं तारू, याकोबाची शिडी, योसेफाचा अंगरखा, दहा आज्ञांच्या पाट्या, दाविदाची वीणा. फांदी म्हणून आम्ही वापरतो पऱ्हाटी. एका वावरात हरभऱ्यासाठी रान मोकळं करायला कपाशी उपटून बांधावर टाकलेली होती, तिथून विचारून आणली. तेलाच्या रिकाम्या डब्यात खडी भरून उभी केली. तिला दोन-चार बोंडं फुटलेली तशीच राहिलेली, धाकटी म्हणे बर्फ पडलाय. ठेवली तशीच. बाजारातून थर्माकोलचा बर्फ आणून ठेवण्यापेक्षा हे बरं.

चित्रं पोरंच काढतात, जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर. रूथच्या दिवशी मी चित्र काढू देत नाही, खरं ज्वारीचं कणीस लावते. बायबलमधली रूथ, नामीची विधवा सून, सरवा वेचायला गेली होती ना बवाज नावाच्या माणसाच्या शेतात. आणि सरवा काय असतो हे पोरांना आज्जीनं सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. कापणी झाल्यावर रानात पडलेली कणसं वेचायची, मालक चांगला असला तर मुद्दाम सोडून द्यायचा, वाईट असला तर कुत्रं सोडायचा. मोठा म्हणे मग बवाज चांगला होता. आज्जी म्हणे होता, पन नामीनं आधी चौकशी केली असंल, बाई हुशार होती. माझ्या मते रूथच्या पुस्तकावर मी ऐकलेल्या प्रवचनांपैकी हे सगळ्यात बरं.

आता भांडणाचा मुद्दा. सासूबाई. त्यांचं म्हणणं, चांदणी एक तारखेला लागलीच पाहिजे, गल्लीत ख्रिस्ती घर आपलं एकच, लोकांना कळलं पाहिजे. माझं म्हणणं, नाताळ पंचवीसला, तोवर जांभळं, लाईटिंग चोवीसला संध्याकाळी. पहिल्या वर्षी तोंडं फुगली दोघींची. मग तोडगा निघाला तो असा की चांदणी एक तारखेला लावायची पण आतला बल्ब चोवीसला पेटवायचा. दिवसा दिसते, रात्री नाही. गल्लीतली पोरं येऊन सांगतात, काकू तुमचा बल्ब गेलाय. फराळाचं मात्र मी हरले, आणि हरले ते बरंच झालं. शंकरपाळे-चकल्या आठवडाभर आधीच लागतात, चोवीसला करत बसलं तर चर्चला कोण जाणार. डबे भरून ठेवायचे, कुलूप नाही पण सासूबाईंची नजर. कॅरोलवाले पंधरा तारखेनंतर ढोलकी-पेटी घेऊन येतात तेव्हा त्यांच्यापुढं फराळ ठेवावाच लागतो, आगमनकाळ आहे म्हणून कोरा चहा दिला तर मंडळीत नावं ठेवतील. मी स्वतः घरात चोवीसपर्यंत नाताळची गाणी लावत नाही, पण दारात आलेल्या कॅरोलला दार बंद करणारी मी नाही. कॅलेंडर माणसांसाठी असतं. काही लोक याबाबतीत फारच कडक होतात, मला ते आवडत नाही.

डिसेंबरात आमच्या गल्लीत एकटी मीच वाट बघत असते असंही नाही. मार्गशीर्षातले गुरुवार असतात, समोरच्या वहिनींकडं महालक्ष्मीचा घट, दर गुरुवारी संध्याकाळी कहाणी, शेवटच्या गुरुवारी उद्यापन. त्या प्रसाद पाठवतात, मी नाताळला फराळाचं ताट पाठवते. त्यांनी एकदा माझ्या मेणबत्त्या बघून विचारलं, तुमचापण उपवास असतो का, सुटतो कधी. मी म्हणलं आता नसतो पण पूर्वी असायचा. आणि खरंच असायचा, पश्चिमेकडं जुन्या काळी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या दिवसापासून नाताळपर्यंत उपास धरायचे, आणि ऑर्थोडॉक्स पंथाचे ख्रिस्ती अजूनही नाताळआधी चाळीस दिवस धरतात. वहिनी म्हणल्या मग आमचं सोपं आहे, नुसता गुरुवार. नणंद लातूरकडं असते, तिच्याकडं वेळ अमावस्या, वावरात जाऊन जेवायचा सण. गेल्या डिसेंबरात ती नाताळच्या आधीच आली (आदल्या वर्षी नाताळनंतर होती), नणंद शेजाऱ्यांच्या वावरात जेवून आली आणि येताना आमच्यासाठी भज्जी आणि आंबिलाचं गाडगं. आम्ही ते तीन मेणबत्त्यांच्या उजेडात जेवलो.

तिसऱ्या रविवारचं वाचन यशया पस्तीस, रुक्ष भूमी हर्षेल, अरण्यात पाणी फुटेल. जालन्यात वाढलेल्या माणसाला हे वाचन कळायला पाळकसाहेब लागत नाहीत, आम्ही टँकर बघितलेत, नळाला पाणी किती दिवसांनी येणार याचा हिशोब तोंडपाठ असायचा. पण २०२५ चा सप्टेंबर तुम्हाला आठवतच असेल, मराठवाड्यात काय पाऊस झाला, सोयाबीन वावरातच सडलं, माती खरवडून गेली, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, जालना, कुणी सुटलं नाही. त्या वर्षी अरण्यात जलप्रवाह फुटतील हे वाचताना नवरा मधेच थांबला. मोठा म्हणे पप्पा, पाणी नको म्हणा ना ह्या वर्षी. आम्ही त्या दिवशी वाचन पूर्ण केलं आणि प्रार्थनेत माझ्या माहेरच्या वावराचं नाव घेतलं. गुलाबी बांगडीच्या, आनंदाच्या रविवारी. जमलं नाही आनंद करायला फारसं, पण मेणबत्ती लावली. पौलानं ते आनंद करा म्हणणारं पत्र तुरुंगातून लिहिलं होतं, हे नवऱ्यानं सांगितलं, तेवढंच.

१३ डिसेंबरला आम्ही गहू पेरतो. हे मी वाचलेलं, क्रोएशियात संत लुसियाच्या दिवशी ताटलीत गहू पेरतात आणि नाताळपर्यंत हिरवे कोंब येतात. मला हसूच आलं, आपल्याकडं घटस्थापनेला हेच करतात की! सासूबाई पहिल्यांदा कुरकुरल्या, लोक म्हणतील ख्रिस्ती घरात घट बसवला. मग मी कोंब गोठ्याच्या देखाव्यात ठेवले, मेंढरांच्या पुढ्यात, तेव्हा त्यांना पटलं. आता त्याच पाणी घालतात. डिसेंबरात थंडी असते म्हणून गहू रात्रभर कोमट पाण्यात भिजवून घ्यायचा, नाहीतर पंचवीसपर्यंत बोटभरच येतो. गव्हाणी रिकामी ठेवायची, बाळ चोवीसच्या रात्री. तीन मागी लोकांना, म्हणजे बाळाला बघायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, आम्ही टीव्हीवर ठेवतो, तिथून रोज थोडं थोडं पुढं सरकवत फ्रीजवरून, शोकेसवरून ६ जानेवारीला गोठ्यात पोचवतो. पोरांना सगळ्या प्रकारात हेच जास्त आवडतं. उंट एकदा मिक्सरमागं सापडला.

१७ ते २३ डिसेंबर एक जुनी पद्धत आहे, रोज ख्रिस्ताचं एक नाव घेऊन ये म्हणायचं. ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. आम्ही रोज एक नाव कागदावर लिहून फ्रीजवर लावतो. त्या आठवड्यात पोरांच्या युनिट टेस्ट असतात, शेजारीच टाईमटेबल चिकटवलेलं असतं. दाविदाची किल्ली, खाली गणित.

चोवीसला रात्री मधली पांढरी मेणबत्ती लागते, चांदणीत बल्ब पेटतो, गल्लीतली पोरं टाळ्या वाजवतात कारण बल्ब दुरुस्त झाला. त्याच्यावर मी जास्त लिहीत नाही, नाताळ सगळ्यांना माहीत आहे.

पुढचे बारा दिवस मात्र सगळ्यात अवघड. वाट बघणं जमतं, सण ताणणं जमत नाही. सव्वीसला नवरा ड्युटीवर, बाहेर सगळीकडं थर्टीफर्स्टचं वारं, पोरांना सहा दिवसांनी नाताळची गाणी म्हणा म्हणलं तर तोंडं वाकडी. मी एवढंच करते की चांदणी उतरवू देत नाही आणि फराळातला एक डबा मागं ठेवते, रोज संध्याकाळी थोडा थोडा. ६ जानेवारीला दाराच्या चौकटीवर खडूनं लिहायचं, २० अधिक क अधिक म अधिक ब अधिक २६. मधली अक्षरं तीन मागी लोकांची, परंपरेनं त्यांना कास्पर, मेल्कियोर, बाल्थाझार म्हणतात, आणि लॅटिनमध्ये ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो या वाक्याचीही तीच आद्याक्षरं. आजूबाजूला वर्षाचे आकडे. आमच्या दाराशेजारी भिंतीवर पल्स पोलिओवाल्यांची खडूची खूण आधीपासूनच आहे. ह्या वेळी एक बाई सर्वेक्षणाला आल्या, त्यांनी वर बघितलं, वहीत बघितलं आणि मला विचारलं हे कोणत्या विभागाचं आहे, आमच्याकडं नोंद नाही. मी म्हणलं चर्चचं. त्यांनी लिहून घेतलं.

बाकीच्या वर्षाचं आम्ही एवढं काही करत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर छापलेलं असतंच, मी फक्त रविवारांवर स्केचपेननं ठिपके मारते, जांभळा, पांढरा, हिरवा, पेन्टेकॉस्टला लाल. टेबलावरचा रुमाल त्या रंगाचा. हिरवा सगळ्यात जास्त दिवस राहतो म्हणून हिरवे दोन शिवलेत, एक धुवायला. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या शिंदीच्या झावळ्या कपाटावर वाळत पडल्यात, त्या आता पाळकसाहेबांकडं द्यायच्या, त्याच जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. २०२६ ला राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे, ईस्टर ५ एप्रिलला, म्हणजे लवकरच आलाय. आज्जीला हे सांगितलं तर ती बोटं मोजून म्हणे, पट्टा पडायच्या सुमाराला येतोय, बरं झालं, तुझा मामेभाऊ घरी असंल.

लेंटमध्ये घरात काय सोडायचं याची चर्चा जेवताना सुरू झालीये. मोठा गेम सोडतो म्हणतोय, फक्त शनिवार-रविवार नाही. रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत हे मीच त्याला शिकवलंय, त्यामुळं निम्मं त्याचं बरोबर आहे. नवरा तंबाखू सोडणार असं दरवर्षीप्रमाणे. सासूबाईंनी जानेवारीतच बजावून ठेवलंय की आगमनकाळ तुझा तू पाळलास, आम्ही अंधारात जेवलो, बल्ब बंद ठेवला, सगळं ऐकलं, पण लेंटमध्ये चहाचा विषय माझ्यापुढं काढायचा नाही.